खोटी नाणी जमवण्याचा छंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोटी नाणी मुद्दाम कशाला जमवायची?

पहिले कारण व्यवहारी आहे. खऱ्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्याला आज ना उद्या कुणीतरी खोटे नाणे गळ्यात मारतेच. खोट्याची ओळख हाताला आधीच झालेली असेल तर ही वेळ उशिरा येते आणि नुकसानही कमी होते. दुसरे कारण इतिहासाचे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी तांब्याच्या चकतीवर चांदीचा मुलामा देऊन ती बाजारात रुपया म्हणून चालवली, तर ती चकतीही त्या काळच्या पैशाच्या व्यवहाराचा पुरावा ठरते. 'बट्टा' हा शब्दच पाहा. हलक्या किंवा झिजलेल्या नाण्यामागे सराफ जी रक्कम कापून घेई ती बट्टा. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच.

काही खोटी नाणी तर खऱ्यापेक्षा महाग विकली जातात. अमेरिकेत फ्रान्सिस हेनिंग नावाच्या माणसाने गेल्या शतकाच्या मध्यावर पाच सेंटची निकेल नाणी पाडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या खऱ्या नाण्यावर मागच्या बाजूच्या इमारतीच्या घुमटाच्या वर टांकसाळीचे मोठे अक्षर ('पी', 'डी' किंवा 'एस') असते. हेनिंगच्या १९४४ सालच्या नाण्यावर ते राहून गेले. आज संग्राहक त्या चुकीसाठीच ते नाणे शोधतात.

सगळी खोटी नाणी एकाच जातीची असतात का?

नाही, आणि या छंदाचा खरा अभ्यास इथेच आहे. नाणे हातात आले की 'खरे की खोटे' एवढ्यावर थांबू नका. कुणाला फसवण्यासाठी केले होते, हे विचारा.

समकालीन खोटे म्हणजे ज्या काळात खरे नाणे चालत होते त्याच काळात बाजारात खपवण्यासाठी केलेले. मुलामा दिलेले तांब्याचे रुपये, शिशाचे किंवा कथलाचे ओतीव रुपये या गटात येतात. संग्रहाला मोल येते ते यांच्यामुळे.

संग्राहकाला फसवण्यासाठी केलेले खोटे निराळे. ते दुर्मिळ नाण्याचेच असते, कारण बाजारात चालणारा साधा रुपया नकली करून आज कुणाचे पोट भरणार? जर्मनीतल्या कार्ल विल्हेल्म बेकरने (१७७२–१८३०) ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे स्वतः कोरले. ताजी नाणी जुनाट दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसात घालून घोडागाडीला बांधून फिरवी, असे सांगतात.

काल्पनिक नाणी म्हणजे ज्यांचे खरे रूप कधी अस्तित्वातच नव्हते ती. 'यूकेएल वन आना' हा त्यांचा मेरुमणी. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

याशिवाय प्रतिकृती (गडांच्या पायथ्याशी मिळणारे होन, म्हणजे शिवकालीन सोन्याच्या नाण्याच्या नकला), संग्रहालयांनी अभ्यासासाठी केलेल्या इलेक्ट्रोटाइप (विजेच्या साहाय्याने साच्यात धातूचा थर चढवून केलेल्या) नकला आणि टांकसाळीनेच जुन्या ठशांवरून नंतर पाडलेली नाणी असतात. शेवटच्या प्रकाराला खोटे म्हणणे चूक आहे. मुंबई आणि कोलकाता टांकसाळींनी ब्रिटिशकालीन नाणी अशी पुन्हा पाडली आहेत आणि त्यांना स्वतंत्र किंमत आहे.

रामटंका हे तर नाणेच नव्हे. राम-सीता सिंहासनावर बसलेले, मागे लक्ष्मण, खाली मारुती, अशी ही पूजेची मुद्रा. देवघरात ठेवलेली ती अगदी खरी असते. विक्रेता 'अकबराचे नाणे' म्हणू लागला की ती खोटी होते. अकबराने राम-सीतेचे नाणे खरोखरच काढले होते, त्याने स्वतः सुरू केलेल्या इलाही कालगणनेच्या ५० व्या साली. पण त्यावर दोघे चालताना दिसतात, रामाच्या हाती धनुष्य असते, आणि ते इतके दुर्मिळ आहे की बाजारात पथारीवर मिळणार नाही.

खोटे नाणे जवळ बाळगणे गुन्हा नाही का?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७८ नुसार खोटे नाणे बनवणे हा गुन्हा आहे, कलम १७९ नुसार ते खरे म्हणून खपवणे, आणि कलम १८१ नुसार त्यासाठीची हत्यारे-साहित्य बाळगणे. नुसत्या बाळगण्याबद्दल कलम १८० आहे. त्यात दोन गोष्टी एकत्र लागतात : नाणे खोटे असल्याची जाणीव, आणि ते खरे म्हणून वापरण्याचा हेतू. नाणे कायदेशीर मार्गाने आल्याचे दाखवता आले तर या कलमाखाली गुन्हा होत नाही, असे स्पष्टीकरणही कलमात आहे.

म्हणून पावती ठेवा, आणि पावतीवर 'खोटे' किंवा 'नक्कल' हा शब्द लिहून घ्या. पाकिटावरही तोच शब्द हवा. आज चलनात असलेल्या नाण्यांच्या नकला जमवू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. हेतू सिद्ध करायची वेळ आली तर डब्यातली दहा रुपयांची चाळीस नकली नाणी तुमच्या बाजूने बोलणार नाहीत. एखादे हाती आलेच तर बँकेत किंवा पोलिसांकडे द्या. पुढे चालवणे हा थेट कलम १७९ चा विषय आहे.

हा ढोबळ आढावा आहे. मोठा संग्रह असेल तर वकिलाला एकदा विचारून घ्या.

सुरुवातीला काय साहित्य लागते?

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग, निओडिमियमचे छोटे चुंबक, शिवणकामाचा बारीक दोरा आणि एक प्लास्टिकचा पेला. काट्यासोबत प्रमाणित वजन घ्या आणि मोजण्यापूर्वी दर वेळी तपासा. स्वस्त काटे मुंबईच्या दमट हवेत आणि पंख्याखाली भरकटतात.

या सगळ्यापेक्षा गरजेची गोष्ट म्हणजे खात्रीचे खरे नाणे. पंचम जॉर्जचा १९१७ किंवा १९१८ चा झिजलेला रुपया सहज मिळतो. तो शेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याही खोट्या रुपयाचा अभ्यास करू नका. आम्ही नेहमी जोडी घ्यायला सांगतो : एक खोटे, एक खरे.

ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया कोणत्या क्रमाने तपासावा?

आधी वजन. १८३५ पासून रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, म्हणजेच बरोबर एक तोळ्याचा. आता सराफ कट्ट्यावर तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, त्यामुळे 'एक तोळा भरला' एवढे ऐकून समाधान मानू नका. चांगला झिजलेला खरा रुपया ११.४ ते ११.६ च्या दरम्यान भरतो. १० ग्रॅमच्या खाली गेला तर पुढचे तपासणे केवळ कुतूहलासाठी.

मग व्यास, साधारण ३०.५ मिमी. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेले नाणे थंड होताना आकसते, एखाद-दोन टक्के. म्हणजे ०.३ ते ०.६ मिलिमीटरचा फरक पडतो आणि कॅलिपरला तो दिसतो. व्यास तीन ठिकाणी मोजा.

मग कड. भिंगाखाली नाणे हळूहळू फिरवा. खऱ्या रुपयाचे दाते सरळ, एकसारखे, वरपासून खालपर्यंत तुटक नसलेले असतात. ओतीव नाण्याच्या कडेला मधोमध एक रेघ जाते, साच्याचे दोन भाग जिथे मिळाले तिथली. ती कानशीने घासलेली असते, आणि घासलेल्या जागी दाते बोथट होऊन एकमेकांत मिसळतात. जिथून धातू आत ओतला तिथे एखादा सेंटिमीटर दाते जवळपास नसतातच. खोटे करणारा राणीच्या चेहऱ्यावर मेहनत घेतो आणि कडेला कंटाळतो.

त्यानंतर पृष्ठभाग. ओतीव नाण्यावर अक्षरांच्या पायथ्याशी सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, आणि अक्षरांची उभी बाजू साबणाच्या वडीसारखी गोलसर होते. मुलामा दिलेले नाणे असेल तर सगळ्यात उंच भाग पाहा : राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुटाचा कंगोरा. तिथे मुलामा आधी झिजतो आणि खालून लालसर तांबे डोकावते.

शेवटी आवाज. नाणे फरशीवर आपटू नका. बोटाच्या टोकावर आडवे तोला आणि पेन्सिलीने कडेला हलकेच मारा. चांदी खणखणते आणि सूर काही क्षण टिकतो. शिसे किंवा मुलाम्याचे नाणे बद्द वाजते. मात्र खऱ्या नाण्याला बारीक तडा गेला असेल किंवा कधी काळी दागिन्यासाठी त्याला डाग (धातूचा जोड) दिला असेल तर तेही बद्द वाजते. एकट्या आवाजावर निकाल देऊ नका.

पाण्यातले वजन घरी कसे घ्यायचे?

ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे आणि निम्मे लोक ती चुकीची करतात.

१. नाण्याचे कोरडे वजन लिहून घ्या. समजा, ११.६२ ग्रॅम.
२. पेल्यात डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा.
३. दोऱ्याच्या फासात नाणे अडकवून पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये.
४. आता काट्यावर दिसेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा, येईल ती घनता.

खऱ्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असते, त्याची घनता सुमारे १०.३ येते. म्हणजे काट्यावर १.१२–१.१३ दिसायला हवे. जर्मन सिल्व्हरची (तांबे-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, यात चांदी नसते) घनता साधारण ८.६ आहे, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या खोट्या नाण्यावर १.३५ च्या आसपास दिसेल. तांबे ८.९६, शिसे ११.३४, कथील ७.३.

चुका कुठे होतात? हाताने दोरा धरला की हात हलतो. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर पट्टी टाकून तिला दोरा बांधा. जाड दोरा पाणी पितो आणि आकडा हळूहळू सरकत राहतो. ०.०२ ग्रॅमच्या चुकीनेही घनता ०.२ ने हलते, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा घ्या. चवली-पावलीसारख्या लहान नाण्यांना हा काटा पुरत नाही.

१९४० पासूनचे रुपये तपासताना गोंधळू नका. त्या वर्षी चांदी ५० टक्क्यांवर आली, वजन तेच राहिले. त्यांची घनता साडेनऊच्या आसपास येते आणि ती बरोबर आहे. नकलांना आळा घालण्यासाठी याच नाण्यांना खाच असलेली खास कड दिली गेली. तिची खाच नीट उमटवणे नकल करणाऱ्यांना जमत नाही, त्यामुळे आधी तिथेच भिंग लावा.

नाणे चुंबकाला चिकटले म्हणजे खोटे ना?

चांदीचे म्हणून विकलेले चिकटले तर होय, आत लोखंड किंवा निकेल आहे. पण १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा आहे. तो चिकटायलाच हवा, आणि चिकटला नाही तर शंका घ्या. उलट, न चिकटणे हा खरेपणाचा पुरावा नाही. तांबे, शिसे, जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीच चिकटत नाही. चुंबक तिरपा धरून त्यावरून नाणे घसरवा : चांदीचे नाणे अडखळल्यासारखे सावकाश उतरते, शिशाचे त्याहून झरझर. तांबेही सावकाशच उतरते, एवढे लक्षात असू द्या.

१९३९ आणि १९११ च्या रुपयांचे काय?

इथे नाणे खरे असते, वर्ष खोटे. १९३९ चा चांदीचा रुपया अतिशय दुर्मिळ आहे, १९३८ चा सहज मिळतो. त्यामुळे ८ कोरून ९ केला जातो. भिंगाखाली शेवटच्या अंकाभोवतीची जमीन पाहा. तिथे ओरखडे, वेगळी चमक किंवा किंचित खळगा दिसतो. बाकी तीन अंकांची उंची आणि शेवटच्याची उंची तिरप्या प्रकाशात ताडून पाहा. वजन, घनता, आवाज सगळे बरोबर येणार, कारण धातू खराच आहे.

१९११ चा 'डुकराचा रुपया' सोपा आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणे मागे घेतले गेले आणि पुढच्या वर्षी हत्ती बदलला. १९१२ च्या नाण्यावर २ चा १ केला, तरी हत्ती नवाच राहतो. अंक पाहण्याआधी हत्ती पाहा.

असे बदललेले नाणे संग्रहात जरूर असावे. किंमत मात्र साध्या १९३८ किंवा १९१२ च्या रुपयाएवढीच द्या.

शिवराई आणि होन?

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे. तिच्या एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराष्ट्रात नवशिके सर्वाधिक चुकतात ते इथे, आणि दोन्ही दिशांनी.

पहिली चूक म्हणजे ओबडधोबड शिवराईला खोटी ठरवणे. ही नाणी शिवकाळानंतरही, पेशवाईत आणि त्यापुढेही, अनेक ठिकाणी पाडली गेली. टांकसाळीचे परवाने खासगी माणसांना दिले जात. अक्षरे वेडीवाकडी, वेलांट्या गायब, वजन कमी-जास्त, हे सगळे खऱ्यातच मोडते.

दुसरी चूक म्हणजे सुबक शिवराईवर भाळणे. हाताने पाडलेल्या नाण्यात ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेर जाई. सगळी अक्षरे आणि भोवतीच्या टिंबांचे पूर्ण वर्तुळ अगदी मधोमध बसले असेल तर सावध व्हा. सर्वांत पक्की खूण दोन नाणी शेजारी ठेवल्यावर दिसते. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांची कड, चीर आणि तिरपेपणा कधीच जुळत नाही. दोन्हींच्या कडेला त्याच जागी तशीच चीर असेल तर दोन्ही एका साच्यातून ओतलेली आहेत. म्हणून विक्रेत्याकडे एकच शिवराई मागू नका, असतील तेवढ्या पाहायला मागा.

होनाचे वजन साधारण २.८ ग्रॅम. खोटे होन अस्सल सोन्यातही केले जातात, त्यामुळे कसोटीवर घासून किंवा घनता काढून काहीच सिद्ध होत नाही. सोने खरे आणि होन खोटा, हे सराफालाही समजावून सांगावे लागते. तो सोन्याची पारख करतो, ठशाची नाही. ठसे ताडण्यासाठी संग्रहालयांतील नाण्यांचे फोटो आणि तज्ज्ञाची नजर लागते. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन एकदा तरी खरी नाणी जवळून पाहा.

आजोबांच्या पेटीत १८१८ चे मारुतीचे 'ईस्ट इंडिया कंपनी' नाणे सापडले. किती येतील?

शंभरेक रुपये, घेणारा भेटला तर. कंपनीने यूकेएल अक्षरांचे, 'वन आना' किमतीचे, देवादिकांचे एकही नाणे काढले नाही. कंपनीच्या १८३५ च्या तांब्याच्या नाण्यांवर अर्धा आणा, पाव आणा अशा किमती आहेत. खोट्यांवर १६१६, १७१७, १८१८ अशी तालात बसणारी वर्षे असतात. पेटी आजोबांची असल्याने नाणे जुने ठरत नाही.

हीच नाणी 'राईस पुलर', म्हणजे तांदळाचे दाणे ओढून घेणारी, म्हणून लाखोंना विकली जातात. तांदळात लोखंडाचा कीस आणि नाण्यात किंवा टेबलाखाली चुंबक, एवढाच त्यातला चमत्कार. या व्यवहारात 'चाचणी शुल्क' मागितले की तिथून उठा. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव वापरून शुल्क उकळले जाते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये दिला होता.

दुकानदार दहाचे नाणे खोटे म्हणून घेत नाही.

बहुतेक वेळा दुकानदार चुकतो. पंधरा रेघांचे आणि दहा रेघांचे, ₹ चिन्ह असलेले आणि नसलेले, ही दोन्ही खरी आहेत. वेगवेगळ्या १४ नमुन्यांची दहाची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले. वजन सुमारे ७.७ ग्रॅम, व्यास २७ मिमी.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे काय जमवता येईल?

जुना गोल पौंड हा समकालीन खोट्यांचा खजिना आहे. १९८३ ते २०१७ चाललेल्या या नाण्यात २०१४ च्या पाहणीत सुमारे ३ टक्के नाणी नकली आढळली. खरे ९.५ ग्रॅम, २२.५ मिमी. गंमत कडेच्या मजकुरात आहे : मागचे चित्र एका वर्षाचे आणि कडेची ओळ दुसऱ्याच वर्षाची, अशी विजोड नाणी नकल करणाऱ्यांनी सर्रास केली. पण तिथला १९८१ चा कायदा भारतापेक्षा कडक आहे. योग्य कारणाशिवाय खोटे नाणे नुसते जाणूनबुजून बाळगणेही गुन्हा ठरू शकते. आधी त्याची चौकशी करा.

कुठे मिळतात आणि किती द्यावे?

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, नाण्यांची प्रदर्शने. ओळखीच्या विक्रेत्याला 'तुमच्याकडची नापास नाणी दाखवा' असे सांगा. प्रत्येकाच्या टेबलाखाली एक डबा असतो. आधुनिक नकलेला धातूच्या भावापेक्षा जास्त देऊ नका. समकालीन मुलाम्याच्या रुपयाला थोडे जास्त चालतील, पण खऱ्या रुपयाच्या भावाला पोचू नका. विक्रेता खरे म्हणून सांगत असताना 'मला खोटे म्हणूनच हवे आहे' हे आधी बोलू नका. भाव लगेच चढतो, कारण मग तेही 'दुर्मिळ खोटे' होते.

नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक नाण्याला क्रमांक, वजन (दोन दशांशांपर्यंत), कमाल व किमान व्यास, घनता, कड, बनवण्याची रीत (ओतीव, ठशाने पाडलेले, मुलाम्याचे, कोरून बदललेले), आणि छापा समोर सरळ धरून उभ्या अक्षावर फिरवल्यावर मागची बाजू घड्याळाच्या कितीच्या काट्याला येते ते. त्याखाली विक्रेत्याचा दावा जसाच्या तसा, आणि एका ओळीत 'हे खोटे का'. ती ओळ लिहिता येत नसेल तर नाणे 'संशयित' गटात ठेवा. घाईने खोटे ठरवलेले खरे नाणेही याच छंदात सापडते.

जतन करताना काय बिघडते?

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नका. मुलाम्याचा थर केसाहून पातळ असतो. एकदा घासला की पुरावा गेला. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत काही वर्षांत नाण्यांवर हिरवट चिकटा येतो, म्हणून मायलरच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरच्या, खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर वापरा. शिशाची नाणी लाकडी कपाटात ठेवू नका : लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी आहे. हाताळल्यावर हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका आणि महिन्याने बदला. पाण्यातले वजन घेतलेले मुलाम्याचे नाणे दिवसभर वाळू द्या. थराला चीर असेल तर पाणी आत शिरून तांबे फुगते आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो.

परदेशात नेता येतात का?

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचे नाणे नवी नकल असली तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ती शिवराईच दिसणार. आधी पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घ्या.

संग्रह विकायचा किंवा मुलांकडे सोपवायचा असेल तर?

पाकिटाबाहेर काढलेले खोटे नाणे पुन्हा खरे म्हणून बाजारात शिरते. आधुनिक नकलांवर कडेजवळ बारीक खूण ठोकायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या नकला करणारा रॉबर्ट रेडी कडेवर आपली आद्याक्षरे ठोकत असे. समकालीन खोट्यांवर मात्र काहीही ठोकू नका, त्यांची चिठ्ठी आणि फोटोच पुरेत. खऱ्या नाण्यांच्या डब्यात ती कधीही ठेवू नका, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : 'यातले एकही नाणे खरे नाही. सराफाकडे नेऊ नये.'